लिनक्समध्ये व्हर्च्युअल मेमरीला मर्यादा कशी घालावी: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं जुनं मशीन, ८ जीबी रॅम, त्यावर उबुंटू, आणि एकाच वेळी चालणारे डेटाबेस, ब्राउझर आणि पायथनचा एखादा प्रोग्राम. रविवारी परळला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलांचा संसार एवढाच असतो, आणि तक्रारही एकच असते: "ताई, मशीन गोठलं. माउससुद्धा हलेना. शेवटी बटण दाबून बंद केलं." बटण दाबून बंद केलं की डेटाबेसची फाइल अर्धवट लिहिलेली राहते आणि पुढचा रविवार ती दुरुस्त करण्यात जातो.

मेमरी संपली तर आधी कोणी थांबायचं, हा त्यातला खरा प्रश्न. तो निर्णय तुम्ही घेऊन ठेवला नसेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घेतो. डेटाबेस महत्त्वाचा की ब्राउझर, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? पुढच्या सगळ्या पायऱ्या हा निर्णय आपल्या हातात घेण्यासाठी आहेत.

आज्ञांबद्दल एक सूचना. त्या मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमन लिपीत, रोमन आकड्यांत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतील तिथे मी तसं सांगेन. 'सिससीटीएल' म्हणजे एस-वाय-एस-सी-टी-एल. 'सिस्टमसीटीएल' ही वेगळी आज्ञा आहे, तिच्यात आधी सिस्टम हा पूर्ण शब्द येतो. नवीन मुलं या दोघींत हमखास गोंधळतात.

पास आणि जागा

लोकलचा मासिक पास काढला म्हणजे डब्यात बसायला जागा मिळाली असं होत नाही. पास देताना रेल्वे आसनं मोजत नाही. सगळे पासधारक एकाच गाडीला चढणार नाहीत, या हिशेबावर सगळं चालतं. व्हर्च्युअल मेमरी नेमकी अशीच आहे. प्रोग्रामने कर्नलकडे १ जीबी मागितली की कर्नल त्याला पास देतो, म्हणजे पत्ते देतो. रॅममधली खरी जागा तेव्हा दिलेली नसते. प्रोग्राम त्या पत्त्यावर पहिल्यांदा काही लिहायला जातो, त्या क्षणी ४०९६ बाइटचं एक पान त्याच्या नावावर होतं. नेहमीच्या ६४-बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवर एकेका प्रोग्रामला तब्बल १२८ टीबीपर्यंतचे पत्ते मिळू शकतात. तुमच्या ८ जीबीशी त्याचा काही संबंध नाही.

त्यामुळे 'मेमरीला मर्यादा घालणं' या एका शब्दप्रयोगात दोन वेगळी कामं दडलेली आहेत: पास किती द्यायचे, आणि प्रत्यक्ष जागा किती अडवू द्यायची. हा फरक डोक्यात पक्का बसेपर्यंत कुठल्याही सेटिंगला हात लावू नका. मी पाहिलेल्या बहुतेक चुका या दोघांची गल्लत झाल्यामुळेच घडल्या आहेत.

पहिली पायरी: मोजा

टर्मिनल उघडा आणि टाइप करा:

फ्री -एच

'फ्री' नावाच्या रकान्यात आकडा लहान दिसला की नवीन माणूस घाबरतो. तो आकडा लहानच असायला हवा. रिकामी पडलेली रॅम कर्नल डिस्कवरच्या फाइलींच्या प्रतींसाठी वापरतो आणि कुणी मागितली की लगेच सोडतो. तुम्ही पाहायचा तो 'अव्हेलेबल' रकाना. हा अंदाज कर्नल स्वतः करून देतो, २०१४ मध्ये आलेल्या ३.१४ या आवृत्तीपासून.

मग हे:

कॅट /प्रॉक/मेमइन्फो

लांबलचक यादी येईल. तिच्यातल्या दोन ओळी वहीत उतरवून घ्या: 'कमिटलिमिट' आणि 'कमिटेड_एएस'. दुसरी म्हणजे आजवर दिलेल्या पासांची बेरीज. पहिली म्हणजे कडक नियम लावला तर किती पास देता येतील तो आकडा. कडक नियम लावलेला नसतो तेव्हा दुसरा आकडा पहिल्याच्या पुढे गेलेला दिसू शकतो. त्यात बिघाड काही नाही.

आता एक प्रयोग करा. पायथन३ सुरू करा आणि दोन ओळी लिहा:

इम्पोर्ट एममॅप
एम = एममॅप.एममॅप(-१, १०२४**३)

पायथन तसाच चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'पीएस ऑक्स' चालवा. ऑक्स म्हणजे ए-यू-एक्स. त्यात पायथनची ओळ शोधा. 'व्हीएसझेड' हा पासाचा रकाना, तो १ जीबीने वाढलेला असेल. 'आरएसएस' हा जागेचा रकाना, तो जिथल्या तिथे. आता पायथनमध्ये परत या:

फॉर आय इन रेंज(०, १०२४**३, ४०९६): एम[आय] = १

ही ओळ प्रत्येक पानावर एकेक बाइट लिहिते. पुन्हा 'पीएस' पाहा. आता आरएसएसही १ जीबीने वर गेलेला दिसेल. २,६२,१४४ पानं, प्रत्येकावर फक्त एक बाइट, पण जागा पूर्ण पानाची गेली. पूर्वी मी फळ्यावर चौकोन काढून तासभर हे समजावायचे. आता पहिल्याच दिवशी हा प्रयोग करून घेते आणि फळ्याची गरजच पडत नाही.

दुसरी पायरी: पोटमाळा, म्हणजे स्वॅप

चाळीतल्या खोलीत पोटमाळा असतो. गणपतीच्या आराशीचं सामान, जास्तीच्या गाद्या, वर्षातून एकदा लागणारी मोठी पातेली, सगळं वर. खोली त्याने मोठी होत नाही, पण वावरायला मोकळी होते. स्वॅप म्हणजे डिस्कवरचा पोटमाळा. बराच वेळ कुणी न वापरलेली पानं कर्नल तिथे नेऊन ठेवतो.

आधी आहे का ते पाहा: स्वॅपऑन --शो. काहीच उत्तर आलं नाही तर २ जीबीची फाइल तयार करा ('सुडो' म्हणजे पुढची आज्ञा रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालवणं):

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ओएफ=/स्वॅपफाइल बीएस=१एम काउंट=२०४८
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

'१एम' मधला एम मोठा. दुसरी ओळ गाळू नका. ती नसेल तर मशीनवरचा कुठलाही वापरकर्ता ती फाइल वाचू शकतो, आणि तिच्यात कुणाचा पासवर्डही पडलेला असू शकतो. रीबूटनंतरही स्वॅप हवा असेल तर /ईटीसी/एफएसटॅब या फाइलच्या शेवटी ही ओळ घाला: /स्वॅपफाइल नन स्वॅप एसडब्ल्यू ० ०.

सामान वर टाकण्याची घाई किती करायची, ते 'व्हीएम.स्वॅपिनेस' ठरवतं. मुळातला आकडा ६०. 'व्हीएम.' ने सुरू होणारे असे आकडे 'सुडो सिससीटीएल -डब्ल्यू नाव=आकडा' या आज्ञेने बदलतात. रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होतो, असं सर्रास सांगितलं जातं, आणि ते साफ चूक आहे. जागा हवी असताना प्रोग्रामांची पानं स्वॅपमध्ये न्यायची की फाइलींच्या प्रती टाकून द्यायच्या, या दोहोंमधला कल तो आकडा सांगतो. १०० म्हणजे दोन्ही सारखे. २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर मी १० ठेवते. एसएसडी असेल तर ६० ला हात लावत नाही.

पोटमाळा खोलीपेक्षा मोठा बांधू नका. रॅम पुरेनाशी झाली की वर-खाली करण्यातच मशीनचा सगळा वेळ जातो आणि मुलं ज्याला 'गोठलं' म्हणतात ते हेच. ८ जीबीच्या मशीनला २ जीबी स्वॅप पुरे.

तिसरी पायरी: पास किती वाटायचे

हा या लेखातला सगळ्यात अवघड भाग. सावकाश वाचा.

'व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी' या सेटिंगला तीन किमती आहेत. ० म्हणजे नेहमीची पद्धत. यात एखाद्याने एकाच वेळी सगळी रॅम आणि स्वॅप यांच्या बेरजेपेक्षाही जास्त मागितलं तरच कर्नल नकार देतो, बाकी सगळ्यांना पास. १ म्हणजे कुणालाच नकार नाही. २ म्हणजे कडक हिशेब: वाटलेल्या पासांची बेरीज कमिटलिमिटच्या पुढे जाणार असेल तर मागणी तिथेच फेटाळायची.

कमिटलिमिट असा निघतो: रॅमचे 'व्हीएम.ओव्हरकमिट_रेशो' इतके टक्के, अधिक पूर्ण स्वॅप. रेशो मुळात ५० असतो. म्हणजे ८ जीबी रॅम आणि २ जीबी स्वॅप असेल तर ४ अधिक २, फक्त ६ जीबी. रेशो ८० केला तर ६.४ अधिक २, म्हणजे ८.४ जीबी. टक्क्यांऐवजी थेट आकडा द्यायचा असेल तर 'व्हीएम.ओव्हरकमिट_केबाइट्स' आहे. या दोहोंपैकी एकच लागू होतो.

मग २ सगळ्यात सुरक्षित, असं वाटतं ना? पण प्रोग्राम जेव्हा स्वतःची प्रत काढतो, ज्याला फोर्क म्हणतात, तेव्हा लिनक्स खरी प्रत काढतच नाही. दोघं तीच पानं वाचतात आणि कुणी बदल केला तरच त्या पानाची वेगळी प्रत होते. कडक हिशेबात मात्र दुसऱ्या प्रतीचे पासही पूर्ण मोजले जातात. ५ जीबीच्या प्रोग्रामने क्षणभरासाठी फोर्क केला तरी आणखी ५ जीबी मोजले जाणार आणि मागणी फेटाळली जाणार. रेडिस हा रॅममध्ये चालणारा डेटाबेस. डेटा डिस्कवर उतरवताना तो असाच फोर्क करतो, म्हणून त्याची शिफारस १ ची असते. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस उलट २ ची शिफारस करतो. चालू सर्व्हर अचानक मारला जाण्यापेक्षा एखादी मागणी नाकारलेली त्याला परवडते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमच्या मशीनवर काय चालतं, त्यावर उत्तर ठरतं.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी मी लोअर परळमधल्या एका छोट्या ऑफिसचा सर्व्हर सांभाळत होते. ८ जीबी रॅम, स्वॅप नाही. जुलैचे दिवस, हिंदमाताला पाणी भरलेलं, गाड्या बंद. घरूनच काम करत मी ओव्हरकमिट २ केलं. रेशो ५० च होता, म्हणजे मर्यादा ४ जीबी. वाटलेले पास त्याच्या आधीच पुढे गेलेले होते. ही सेटिंग तत्क्षणी लागू होते. चालू प्रोग्राम मारले जात नाहीत, पण नवी मागणी एकही मान्य होत नाही. पुढची आज्ञा टाइप केली तर उत्तर आलं, 'फोर्क: कॅनॉट अलोकेट मेमरी'. फ्री चालेना, पीएस चालेना, सुडोही चालेना, कारण प्रत्येक आज्ञेला आधी फोर्क लागतो. पाणी ओसरून कुणीतरी ऑफिसला पोहोचेपर्यंत सगळं ठप्प, आणि मग बटण दाबून बंद केल्यावर डेटाबेसची दुरुस्ती. त्या ऑफिसचा पूर्ण दिवस माझ्यामुळे वाया गेला.

सुटका अगदी जवळ होती. 'एको' ही आज्ञा बॅश शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटातच असते, तिला फोर्क लागत नाही. रूटचं शेल आधीपासून उघडं असतं तर ही एक ओळ पुरली असती:

एको ० > /प्रॉक/सिस/व्हीएम/ओव्हरकमिट_मेमरी

म्हणून माझा नियम: ओव्हरकमिटला हात लावण्याआधी दुसऱ्या खिडकीत 'सुडो -आय' करून रूटचं शेल उघडून ठेवायचं आणि ही ओळ तिथे टाइप करून, एंटर न दाबता, तयार ठेवायची. आणि मशीनपर्यंत चालत जाता येणार नसेल त्या दिवशी हा बदल करायचाच नाही. पावसाळ्यात मुंबईत तर नाहीच.

२ लावायचंच असेल तर क्रम असा: आधी स्वॅप तयार करा, मग रेशो ८० करा, मग कमिटेड_एएस नव्या मर्यादेच्या बऱ्यापैकी खाली आहे याची खात्री करा, आणि सगळ्यात शेवटी २. सोबत 'व्हीएम.अॅडमिन_रिझर्व्ह_केबाइट्स' १३१०७२ करा, म्हणजे १२८ एमबी. संकटात रूटला हातपाय हलवता यावेत म्हणून ही राखीव जागा असते. मुळात ती जेमतेम ८ एमबी असते आणि कडक हिशेबात तेवढ्याने भागत नाही.

घरच्या किंवा शिकण्याच्या मशीनवर मी ० च ठेवायला सांगते. कारण खरं काम पाचव्या पायरीवर होतं.

चौथी पायरी: यूलिमिट, आणि तो का पुरत नाही

यूलिमिट -व्ही २०९७१५२

त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला आता जास्तीत जास्त २ जीबीचे पास मिळतील. आकडा केबीमध्ये द्यायचा असतो. हाच नियम /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ या फाइलमध्ये 'एएस' या नावाने कायमचा लिहिता येतो.

शिकायला हे छान आहे, सी भाषेतला गळका, म्हणजे घेतलेली मेमरी परत न करणारा, प्रोग्राम तपासायलाही उत्तम. पण मर्यादा पासावर आहे, जागेवर नाही. जावा, गो, ब्राउझर हे सगळे पत्ते भरमसाट राखून ठेवतात आणि वापरतात थोडे. ब्राउझरच्या एकेका प्रक्रियेचा (म्हणजे प्रोग्रामच्या एकेका चालू प्रतीचा) व्हीएसझेड कित्येक जीबी असतो. त्यांना २ जीबीची मर्यादा घातली तर त्यांतले काही सुरूच होत नाहीत. शिवाय मर्यादा दर प्रक्रियेला आहे. दहा प्रक्रिया सुरू करणाऱ्याला २० जीबी मोकळे. 'यूलिमिट -एम' खऱ्या जागेवर मर्यादा घालतो असं मदतीच्या पानावर वाचून मुलं आनंदतात, पण आजच्या लिनक्समध्ये त्याचा काहीही परिणाम होत नाही. आणि लिमिट्स.कॉन्फ लॉगिन करणाऱ्या माणसांना लागू होतो. सिस्टमडी, म्हणजे मशीन चालू होताना बाकीचं सगळं सुरू करणारा प्रोग्राम, ज्या सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) सुरू करतो त्यांना तो लागू नसतो. तिथे आकडे बदलून 'फरक पडत नाही' म्हणणारे मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात.

पाचवी पायरी: सीग्रुप

सीग्रुप म्हणजे प्रक्रियांचा गट, आणि मर्यादा अख्ख्या गटाच्या खऱ्या जागेवर. दहा प्रक्रिया असोत की शंभर, हिशेब एकत्र. आपल्याला हवं होतं ते हेच. त्याची दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये कर्नल ४.५ सोबत अधिकृत झाली. तुमच्याकडे ती आहे का पाहा:

स्टॅट -एफसी %टी /सिस/एफएस/सीग्रुप

टक्क्यापुढचा टी मोठा. उत्तर 'सीग्रुप२एफएस' आलं की झालं.

आता आधीचा पायथनचा प्रयोग कुंपणात करू:

सिस्टमडी-रन --युजर --स्कोप -पी मेमरीमॅक्स=५००एम -पी मेमरीस्वॅपमॅक्स=० पायथन३

'मेमरीमॅक्स' मधले दोन्ही एम मोठे, तसंच 'मेमरीस्वॅपमॅक्स' मधले एम, एस, एम, आणि ५०० पुढचा एमही. आत गेल्यावर एममॅपच्या ओळी पुन्हा लिहा. १ जीबी मागितलेली ओळ निमूटपणे चालेल, कारण तो नुसता पास आहे. पानांवर लिहिणारी ओळ चालवली की ५०० एमबीच्या आसपास पायथन मारला जाईल आणि स्क्रीनवर 'किल्ड' एवढाच शब्द येईल. तेवढ्यात शेजारचा ब्राउझर उघडून पाहा. त्याला काही कळलेलंही नसेल. माझ्या वर्गात पहिल्यांदा हे पाहिलं की मुलं हमखास "परत दाखवा" म्हणतात, आणि मी परत दाखवते.

मेमरीस्वॅपमॅक्स शून्य केलं नसतं तर काय झालं असतं? प्रक्रिया ५०० एमबीनंतर पोटमाळ्यावर पसरली असती आणि मेली नसती, फक्त मंदावली असती. हेही करून पाहा.

कायम चालणाऱ्या सेवेला मर्यादा घालायची तर:

सुडो सिस्टमसीटीएल एडिट सेवेचं-नाव

उघडलेल्या फाइलमध्ये लिहा:

[सर्व्हिस]
मेमरीहाय=१५००एम
मेमरीमॅक्स=२जी

इथे सर्व्हिसचा पहिला एस, मेमरीचा एम, हायचा एच आणि मॅक्सचा एम मोठा. आकड्यांपुढचे एम आणि जीही मोठे. 'हाय' ओलांडलं की कर्नल त्या गटाचा वेग कमी करतो आणि त्याच्याकडून पानं परत घेऊ लागतो, मारत मात्र नाही. 'मॅक्स' ओलांडायची वेळ आली आणि परत घेण्यासारखं काही उरलं नाही, तर त्या गटातलीच प्रक्रिया मारली जाते. दोन्ही लिहा. नुसता मॅक्स लिहिला तर पूर्वसूचना मिळत नाही. मधल्या अंतरात सेवा हळू झाल्याचं तुम्हाला जाणवतं आणि काही करायला वेळ मिळतो. मग सेवा एकदा रीस्टार्ट करा.

आकडा कसा ठरवायचा? अंदाजाने नको. सेवा आठवडाभर नेहमीसारखी चालू द्या आणि 'सिस्टमसीटीएल स्टेटस सेवेचं-नाव' मधली मेमरीची ओळ दिवसातून दोन-तीनदा वहीत लिहा. सगळ्यात मोठ्या आकड्यावर साधारण पाव भाग चढवून मॅक्स ठेवा. फाइलींच्या प्रतींची जागाही या हिशेबात धरली जाते, त्यामुळे आकडा अपेक्षेपेक्षा फुगलेला दिसेल. घाबरू नका. सगळ्या सेवांच्या मॅक्सची बेरीज केल्यावर रॅममध्ये किमान १ जीबी कर्नलसाठी आणि तुमच्या स्वतःच्या लॉगिनसाठी उरली पाहिजे, असा माझा हिशेब असतो.

ब्राउझर गोठवतो तो डेस्कटॉपला, म्हणून त्यालाही सिस्टमडी-रनने कुंपणात सुरू करा. ८ जीबीच्या मशीनवर मी त्याला ३ जीबी देते. टॅब मरतो, डेटाबेस राहतो.

सहावी पायरी: तरीही संपली तर

इतकं करूनही अख्ख्या मशीनची मेमरी संपू शकते. तेव्हा कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी, म्हणजे मेमरी संपली) किलर जागा होतो. तो प्रत्येक प्रक्रियेला गुण देतो. मुख्यतः जिने जास्त जागा अडवली तिला जास्त गुण, आणि सगळ्यात जास्त गुण असलेली मारली जाते. छोट्या मशीनवर सगळ्यात जाडजूड कोण असतं? बहुधा तुमचा डेटाबेसच.

या गुणांत भर किंवा घट करता येते, उणे १००० पासून १००० पर्यंत. सेवेच्या फाइलमध्ये ओओएमस्कोअरअॅडजस्ट=-५०० लिहिलं की ती सेवा यादीत बरीच मागे सरकते. या नावात ओओएम तिन्ही मोठी अक्षरं, तसंच एस आणि ए. उणे १००० म्हणजे हिला कधीच मारू नका. ते स्वतःच्या प्रोग्रामला लावू नका. गळका प्रोग्राम अमर झाला तर बाकीचे सगळे एकेक करून मरतील आणि गळती चालूच राहील.

उबुंटू डेस्कटॉपवर २२.०४ पासून सिस्टमडी-ओओएमडी नावाचा आणखी एक पहारेकरी असतो. मशीन मेमरीसाठी किती ताटकळतंय ते पाहून तो कर्नलच्याही आधी एखादा गट बंद करतो. 'ब्राउझर आपोआप बंद झाला आणि कर्नलच्या नोंदीत काहीच नाही' असं झालं तर जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदवहीत, त्याचं नाव शोधा.

एक वेगळीच मर्यादा

इलास्टिकसर्च हा शोध घेणारा प्रोग्राम लावताना 'मॅक्स व्हर्च्युअल मेमरी एरियाज' खूप कमी आहे, अशी चूक येते आणि लोक रॅम विकत घ्यायला निघतात. थांबा. 'व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट' ही जीबीची मर्यादा नाही. एका प्रक्रियेचे पत्ते किती वेगवेगळ्या तुकड्यांत असू शकतात, त्याचा हा आकडा. जुनी मूळ किंमत ६५५३०, इलास्टिकसर्चला २६२१४४ लागतात. वाढवून मोकळे व्हा:

सुडो सिससीटीएल -डब्ल्यू व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट=२६२१४४

सातवी पायरी: कायम करणं

'सिससीटीएल -डब्ल्यू' ने केलेला बदल रीबूट झाला की जातो. हा दोष समजू नका, सोय आहे. कुठलाही नवा आकडा आधी असाच लावा आणि दोन-चार दिवस, त्यातला एक तरी कामाच्या गर्दीचा, जाऊ द्या. नीट चाललं तरच /ईटीसी/सिससीटीएल.डी/९९-मेमरी.कॉन्फ अशी फाइल करून तिच्यात लिहा:

व्हीएम.स्वॅपिनेस=१०
व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट=२६२१४४

प्रत्येक ओळीच्या वर हॅशचं चिन्ह टाकून तारीख, जुना आकडा आणि कारण लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं, कर्नल त्या ओळी वाचतच नाही. मग 'सुडो सिससीटीएल --सिस्टम' चालवा. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर नंतरची टिकते, म्हणून नावाच्या सुरुवातीला ९९. शेवटी एकदा मुद्दाम रीबूट करून 'सिससीटीएल व्हीएम.स्वॅपिनेस' विचारा. आकडा तुम्ही लिहिलेलाच आला पाहिजे.

कोण मेलं ते कसं वाचायचं

सुडो जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय 'किल्ड प्रोसेस'

के आणि आय दोन्ही लहान. आलेल्या ओळीचे पहिले शब्द नीट पाहा. 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' असेल तर तुम्ही घातलेल्या कुंपणाने आपलं काम केलं. त्या सेवेचा आकडा कमी पडला किंवा तिच्यात गळती आहे, तिथेच शोधा. नुसतंच 'आउट ऑफ मेमरी' असेल तर अख्खं मशीन कमी पडलं. मेलेली प्रक्रिया दोषी असेलच असं नाही. त्या ओळीच्या वर कर्नलने त्या क्षणी चालू असलेल्या प्रक्रियांची यादी छापलेली असते. तिच्यातला आरएसएसचा रकाना पानांत असतो, केबीत नाही, म्हणून प्रत्येक आकड्याला ४ ने गुणा. मग ज्याला कुंपण घालायचं राहून गेलं, ते नाव सापडेल. त्या नावासाठी पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.